तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ल्टन आर्म्समध्ये राहावं का?

न्यूयॉर्कला निघालेली मंडळी हॉटेल शोधता शोधता एका नावापाशी अडखळतात आणि विचारतात: मॅनहॅटनमध्ये, तेही एवढ्या मोक्याच्या जागी, हे हॉटेल इतरांहून स्वस्त कसं? जमिनीपासून छतापर्यंत चित्रं काढलेल्या खोलीत झोप लागते का? आणि सोबत आई-बाबा असतील तर चालेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जरा लांब आहेत. तिसऱ्याचं एका शब्दात: जिने.

कार्ल्टन आर्म्स पूर्व २५व्या रस्त्यावर, थर्ड ॲव्हेन्यूच्या कोपऱ्याशी, १६० क्रमांकाच्या इमारतीत आहे. खोल्या ५४. पूर्वी इथे सरकारी मदतीवर जगणारे, एकेका खोलीत दिवस काढणारे लोक राहत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या व्यवस्थापकांनी चित्रकारांशी एक साधा व्यवहार सुरू केला: राहायला खोली फुकट, बदल्यात ती खोली रंगवून द्यायची. हळूहळू जिने, बोळ, संडास-बाथरूम सगळंच रंगलं. भिंतींवर चित्रं काढणारा ब्रिटिश कलाकार बँक्सी, त्यानंही जगभर नाव होण्याआधी इथे काम केलं आहे. काही खोल्या जुन्या चित्रांवर नवी चित्रं चढवून पुन्हा रंगवल्या जातात, त्यामुळे एखाद्यानं पाच वर्षांपूर्वी पाहिलेली खोली तुम्हाला तशीच मिळेल असं धरून चालू नका.

लोकांचा घोटाळा इथेच होतो. चित्रं आहेत म्हणून हॉटेल स्वस्त नाही. दुरुस्तीला आणि नव्या फर्निचरला पैसा नव्हता म्हणून चित्रं आली. भाडं कमी राहतं ते लिफ्ट नाही, खोलीत टीव्ही नाही आणि बऱ्याच खोल्यांना स्वतःचं बाथरूम नाही म्हणून. २००५ साली कोपनहेगनमध्ये फोक्सवॅगननं ‘फॉक्स’ गाडीच्या जाहिरातीसाठी २१ कलाकारांकडून ६१ खोल्यांचं हॉटेल सजवून घेतलं होतं. तिथे कंपनीचा पैसा होता आणि ते हॉटेल आता राहिलेलं नाही. पश्चिम २३व्या रस्त्यावरच्या चेल्सी हॉटेलशीही याची गल्लत होते. तिथे लेखक-कलाकार वर्षानुवर्षं भाड्यानं राहत, आणि आज ते चांगलंच महाग आहे. कार्ल्टन आर्म्सनं पाहुणचार तेवढाच ठेवला आणि भिंती बदलल्या. म्हणून खोली निवडताना आधी बाथरूम, मग मजला, मग खिडकीची दिशा आणि सगळ्यात शेवटी चित्र. बहुतेकजण नेमकं उलट करतात आणि मग रात्री दोन वाजता बोळात टॉवेल घेऊन उभे राहतात.

भाड्याचा आकडा पाहताना कर जोडून पाहा. न्यूयॉर्क शहरात राज्याचा आणि शहराचा मिळून विक्रीकर ८.८७५ टक्के, वर शहराचा हॉटेलकर ५.८७५ टक्के, म्हणजे १४.७५ टक्के, शिवाय दर खोलीमागे दर रात्री साडेतीन डॉलर. शंभर डॉलरची खोली ११८ डॉलर २५ सेंटना पडते. मोठी हॉटेलं यावर ‘डेस्टिनेशन फी’ म्हणून रोजचे पंचवीस-चाळीस डॉलर सहज लावतात, तेव्हा तुलना एकूण रकमेची करा. भारतीय क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा दोन ते साडेतीन टक्के अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो, तोही धरा. डेबिट कार्ड शक्यतो देऊ नका, कारण हॉटेलनं अनामत म्हणून अडकवलेली रक्कम खात्यात परत यायला बरेच दिवस जाऊ शकतात. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात स्वस्त. सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांची आमसभा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मॅरेथॉन आणि डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे, या काळात भाव चढतात. सप्टेंबर २०२३ पासून शहरानं ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीची घरगुती भाडी जवळजवळ बंद केली आहेत: यजमान स्वतः घरात हवा, पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत, नोंदणी हवी. त्यामुळे पूर्वी घर भाड्यानं घेणारे लोकही आता अशाच हॉटेलांकडे वळतात. खोली लवकर धरावी लागते.

आता जिने. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, म्हणून ‘फोर्थ फ्लोअर’ म्हणजे आपला तिसरा. विमानातली तेवीस किलोची बॅग अरुंद जिन्यानं तिथवर नेणं हे तरुणांनाही नको वाटतं. मोठ्या बॅगा जर्सीतल्या नातेवाइकांकडे ठेवून एका पाठपिशवीत तीन-चार दिवसांचे कपडे आणलेत तर निम्मा त्रास संपला. गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर ‘खालचा मजला द्या’ एवढ्यावर भागत नाही, कारण दिवसातून चार वेळा खाली-वर होतंच.

सामायिक बाथरूमचं फार अवघड नाही. सकाळी आठ ते साडेनऊ गर्दी; सातच्या आत किंवा दहानंतर जा. रबरी स्लिपर आणि साबण-टॉवेल मावेल अशी खुंटीला अडकवता येणारी पिशवी न्या, कारण कोरडी जागा कमी असते. बऱ्याच खोल्यांत बेसिन असतं, त्यामुळे दात घासायला बाहेर जावं लागत नाही. आपल्याकडच्या लोकांनी एक लोटा किंवा रिकामी बाटली बरोबर ठेवावी. जेट मिळण्याची आशा नको.

हिवाळ्यात लोक घाबरतात ते रेडिएटरच्या आवाजाला. न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत तळघरातल्या बॉयलरमधून वाफ वर येते. एका नळीच्या पद्धतीत जी नळी वाफ वर आणते, तीच थंड होऊन झालेलं पाणी खाली नेते. रेडिएटरची चावी अर्धवट उघडी ठेवली की पाण्याला परत जायला वाट पुरत नाही, वर येणारी वाफ त्याच्यावर आदळते आणि कोणी हातोडी मारतंय असे ठोके सुरू होतात. म्हणून चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. ‘थोडीशी कमी’ करायला जाऊ नका. फुसफुस आवाज मात्र ठीक, तो हवा सोडणाऱ्या झडपेचा. खोली भट्टीसारखी तापते यालाही कारण आहे: १९१८च्या फ्लूच्या साथीनंतर हिवाळ्यातही खिडक्या उघड्या ठेवायचा आग्रह होता, आणि त्या काळातले बॉयलर तेवढी हवा आत येणार हे धरूनच बसवले गेले. खिडकी चार बोटं उघडा, बाहेर बर्फ असला तरी. ओले कपडे रेडिएटरवर टाकू नका, आणि चित्र असलेल्या भिंतीला टेकवून तर नकोच. ओल लागली की रंगाचे पोपडे सुटतात.

भिंतींना टेप, चिकट हूक, स्टिकर काहीही लावू नका. नव्या खोलीत तैलरंगाचा किंवा स्प्रेचा वास टिकतो; ॲक्रिलिकचा काही तासांत जातो. दम्याचा त्रास असेल तर ‘ही खोली कधी रंगवली?’ हे आधी विचारा. रांगतं मूल सोबत असेल तर कुठल्याही जुन्या इमारतीत खिडकीची चौकट पाहून घ्या. शहरानं घरांत शिशाचा रंग वापरायला बंदी घातली १९६० साली, तेव्हा त्याआधीच्या थरांचे पोपडे मुलाच्या तोंडात जायला नकोत. मोठ्या मुलांची गोष्ट वेगळी. काही खोल्यांत चहूबाजूंनी डोळे आणि विचित्र प्राणी असतात. दिवसा ज्याच्यापुढे फोटो काढून घेतो, त्याच्याकडे पाहून रात्री आठ वर्षांचं पोर रडतं. खोलीचे फोटो आधी मागवा आणि मुलाला दाखवा.

ढेकणांची तपासणी सगळ्याच शहरांत करावी, पण रंगीबेरंगी भिंतीवर त्यांचे काळे ठिपके दिसत नाहीत, म्हणून इथे ती गादीवर नीट करा. चादरीचा कोपरा उचला, गादीची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे मोबाइलचा प्रकाश टाका. तोवर बॅग खुर्चीवर.

खिडकीबद्दल. रस्त्याकडची खोली उजेडाची, पण थर्ड ॲव्हेन्यूवर बस, ट्रक आणि रात्री दुकानांचा कचरा उचलणाऱ्या गाड्या असतात. फर्स्ट ॲव्हेन्यूवरच्या बेलव्ह्यू रुग्णालयाकडे जाणाऱ्या ॲम्ब्युलन्स वेगळ्या. आतल्या बाजूची खोली शांत आणि अंधारी. झोप हलकी असेल तर आतली घ्या, तसेही तुम्ही दिवसभर बाहेरच असणार.

वीज १२० व्होल्ट. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त चपट्या पिनांचा ॲडॉप्टर लागतो. घरून नेलेली २३० व्होल्टची किटली किंवा रॉड जळत नाही, पण जेमतेम पाव शक्तीनं चालतो. चहाचं पाणी उकळायला चौपटीहून जास्त वेळ लागतो. आणि साध्या १५ अँपिअरच्या सर्किटवर १,८०० वॅटच्या पलीकडे भार गेला की वीज उडते. खिडकीतला एसी चालू असताना हेअर ड्रायर लावला की हमखास हेच होतं.

खाण्याचं मात्र इथे नशीब आहे. एका ब्लॉकवर लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू, आणि तिथून तीसाव्या रस्त्याकडे चालत गेलं की ‘करी हिल’: डोसे, थाळ्या, टॅक्सीवाल्यांची ढाबेवजा हॉटेलं. २८व्या-२९व्या रस्त्यांच्या दरम्यान १२३ क्रमांकाला १९४४ पासूनचं कलुस्त्यान हे मसाल्यांचं दुकान. हिंगापासून गुळापर्यंत सगळं मिळतं, फक्त न्यू जर्सीतल्या, भारतीय दुकानांच्या एडिसन गावच्या भावात नाही. राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या मृत्यूनंतर १८८१ साली चेस्टर आर्थर यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली ती याच इमारतीत; तेव्हा ते त्यांचं घर होतं. चित्रांसाठीच इथे उतरणाऱ्यांनी लेक्सिंग्टनवरची २५व्या आणि २६व्या रस्त्यांमधली ६९व्या रेजिमेंटची आर्मरी, म्हणजे लष्करी पलटणीची इमारत, बाहेरून पाहावी. युरोपातली आधुनिक चित्रकला अमेरिकेला ज्या प्रदर्शनानं दाखवली, ते १९१३चं आर्मरी शो इथेच भरलं होतं.

केनेडी विमानतळावरून एअरट्रेननं जमैका, तिथून ई गाडीनं लेक्सिंग्टन-५३वा रस्ता, आतूनच ५१व्या रस्त्याच्या स्टेशनात जाऊन ६ नंबरची डाउनटाउन गाडी, चौथं स्टेशन २३वा रस्ता. परत जाताना पाटी वाचून मगच कार्ड टेकवा: या मार्गावरच्या बऱ्याच लहान स्टेशनांत दोन्ही दिशांची दारं वेगळी असतात, आणि चुकीच्या दारातून आत गेलं की पलीकडे जायला पुन्हा भाडं. मेट्रोकार्डाची विक्री २०२५च्या अखेरीस बंद झाली. आता बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवायचा. जर्सी सिटीहून येणाऱ्यांनी जर्नल स्क्वेअरहून पाथ गाडीनं २३वा रस्ता गाठावा आणि तिथून एम२३ बसनं पूर्वेला थर्ड ॲव्हेन्यू. पुढे दोन ब्लॉक उत्तरेला.

खोली धरताना थेट हॉटेलला लिहा, कारण मधल्या संकेतस्थळांवर नेमकी कुठली खोली मिळणार ते सहसा कळत नाही. पत्रात एवढं असू द्या: माणसं किती, बाथरूम आतलं की सामायिक, किती जिने चालतील, रस्त्याकडची खोली की आतली, एसी हवा का, आणि करांसह एकूण रक्कम किती. चित्राची आवड शेवटच्या ओळीत. ज्यांना जिने झेपणारच नाहीत त्यांनी नदीपलीकडे लाँग आयलंड सिटीत लिफ्टचं साधं हॉटेल घ्यावं. कोर्ट स्क्वेअरहून ७ नंबरच्या गाडीनं ग्रँड सेंट्रल तिसऱ्या स्टेशनावर आहे.