लेकीच्या आठवीसाठी तीन हायस्कुलं पाहिली

आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. लेकीची सातवीची परीक्षा एप्रिलमध्ये संपली आणि आठवीला कुठे घालायचं, यावर घरात रोज बोलणं सुरू झालं. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या भागातून जाता येण्यासारखी हायस्कुलं तीन: चालत पाऊण तासावरचं छोटं, बाजारपेठेतलं मोठं आणि देवरुखचं एक. तिन्ही अनुदानित, मराठी माध्यमाची.

तिन्हींच्या फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक. आधी मीही त्यालाच भुलले. पण २०२५ साली अख्ख्या कोकण विभागाचाच निकाल ९८.८२ टक्के होता. हा विभाग सुरू झाल्यापासून राज्यात पहिलाच येतो. जिथे जवळजवळ सगळीच मुलं पास होतात, तिथे या फलकावरून काय कळणार? म्हणून मी तीन गोष्टी विचारायचं ठरवलं. दहावीला बसली किती, पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर किती गेली, आणि गणित-विज्ञान शिकवतं कोण.

तिसऱ्याचं उत्तर सहज मिळत नाही. मोठ्या शाळेत "सगळे विषय व्यवस्थित चालतात" एवढंच सांगितलं. बाहेर तिथल्याच एका मुलीने सांगितलं, विज्ञानाच्या बाई निवृत्त झाल्या, दिवाळीपासून तो तास इंग्रजीचे सर घेतात. पद रिकामं राहणं हा एकट्या शाळेचा दोष नाही. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवताना, पदं कमी होतात आणि मंजूर पदही भरतीची वाट बघत राहतं. पण पालकापासून ते लपवायचं कशाला? मला फार राग आला.

देवरुखची शाळा मनापासून आवडली. सेमी इंग्रजी, मोठं ग्रंथालय आणि रोज वापरात असलेली प्रयोगशाळा. मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न नव्हता. पण परतीला वस्तीची गाडी, ती आमच्या फाट्यावर साडेसातला. जुलैत पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलेलं असताना तिथून काळोखात तिने एकटीने यायचं, हे मला झेपणारं नव्हतं.

छोट्या हायस्कुलात आठवीचा पट १७. मुख्याध्यापकांनी हजेरीपटच समोर ठेवला. गणिताचे सर कायम, अकरा वर्षं तिथेच. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचं विचारलं, तर आठवीची सगळी मुलं बसवतात. ही परीक्षा आठवीतच असते, आणि लागली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मोठ्या शाळेत याच प्रश्नाला "ज्यांना बसायचं ती बसतात" असं उत्तर होतं. छोट्या हायस्कुलाचं माझं मन तिथेच ठरलं.

सेमी मात्र नाही. सर म्हणाले, "वहिनी, संज्ञा मी दोन्ही भाषांत लिहून देतो, पण सेमीचा वर्ग नाही, हे आधीच सांगतो." अकरावी सायन्सला ते जड जाईल, ही काळजी मला अजून आहे. लेकीने फक्त खो-खोचा संघ आहे का, एवढं विचारलं. आहे. वाडीतल्या चार मुलीही त्याच वाटेने जातात.

दाखला काढताना जुन्या शाळेच्या बाईंनी नाव आणि जन्मतारीख आधारशी दोनदा ताडून बघायला लावली. दहावीच्या बोर्डाच्या अर्जात हेच जातं म्हणाल्या. आईच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती तिथेच दुरुस्त करून घेतली.