चेंडूकडे बघू नकोस: टेक्सासच्या शाळांतली मागची फळी

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, भारतात सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो आणि दुपारपर्यंत तिकडून एकच प्रश्न इकडे अमेरिकेत येतो: दर पाच सेकंदांनी थांबणारी ही धक्काबुक्की तुम्ही लोक बघता तरी कशी? विचारणाऱ्यांची यात काही चूक नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूला चिकटलेला असतो, त्यामुळे मैदानात खोलवर उभे असलेले बचावपटू चौकटीबाहेर राहतात. चेंडू हवेत गेला की कॅमेरा घाईघाईने तिकडे वळतो, तोवर खरं काम उरकलेलं असतं. प्रशिक्षक म्हणूनच ते चित्रण वापरत नाहीत. बावीसच्या बावीस खेळाडू एकदम दिसतील असं उंचावरून घेतलेलं वेगळं चित्रण घेऊन ते बसतात.

न दिसणाऱ्या या फळीला सेकंडरी म्हणतात. दोन टोकांना दोन कॉर्नर, मागे दोन सेफ्टी, समोरच्यांनी जास्त रिसीव्हर, म्हणजे पास झेलायला धावणारे, उतरवले तर पाचवा निकेल. पास अडवणं हे त्यांचं काम. टेक्सासमध्ये शालेय फुटबॉलवर होणारा खर्च डोळे पांढरे करणारा आहे. डॅलसजवळच्या ॲलन गावात शाळेसाठी 2012 साली 18 हजार आसनांचं स्टेडियम सहा कोटी डॉलर्स खर्चून बांधलं. त्या खर्चाची बाजू मी घेणार नाही. पण त्या मैदानांवर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना जे शिकवतात, त्यातली एक गोष्ट मला मनापासून हेवा वाटण्यासारखी वाटते. कोणत्या क्षणी नजर कुठे असली पाहिजे, हे त्यांना पावलागणिक सांगितलेलं असतं.

आपल्या मैदानांवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी सूचना म्हणजे ‘लक्ष दे रे!’ कशाकडे, किती वेळ आणि त्यानंतर कुठे, हे फार कमी जण सांगतात. कबड्डीच्या गुरुजींना मात्र मी यातून वगळतो. चढाईपटूच्या चेहऱ्याकडे बघणारा कोपरारक्षक फसतो आणि साखळीतला एक जण आधी सुटला की बाकीच्यांची ताकद वाया जाते, हे त्यांना कुठल्या परदेशी पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

कॉर्नरपासून सुरुवात करतो. तो रिसीव्हरपासून सात यार्ड मागे उभा राहतो, त्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या खांद्यासमोर, अगदी नाकासमोर शक्यतो नाही. कोणता खांदा धरायचा हे मदत कुठून येणार त्यावर ठरतं. आतल्या बाजूला सेफ्टी असेल तर बाहेरचा खांदा. मदत नसेल तर आतला, कारण आतला पास जवळचा आणि सोपा, बाहेरच्या बाजूला निदान सीमारेषा तरी आहे. एक पाय वीतभर मागे, वजन पुढच्या चवड्यावर, गुडघे वाकलेले, छाती पायाच्या बोटांच्या रेषेत. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की त्याच वाकलेल्या अवस्थेत उलटं धावायचं. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे मागे सुटण्याआधी पोरं पुढचा पाय जागच्या जागी उचलून आपटतात, आणि तेवढ्यात रिसीव्हर यार्डभर जवळ येतो. दुसरी, चारेक पावलांनंतर पाठ ताठ होते. पाठ ताठ झाली की वजन टाचांवर जातं. मग रिसीव्हर अचानक थांबला तर यालाही थांबून पुढे यायचं असतं, पण टाचांवरून पुढे यायला एकाऐवजी तीन पावलं लागतात, आणि तेवढ्यात झेल पूर्ण होतो.

आता नजरेचं. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक तीन पावलं मागे घेईपर्यंत कॉर्नरची नजर रिसीव्हरच्या पलीकडे, क्वार्टरबॅकवर असते. तेवढ्यात चेंडू सुटणार असेल तर पास आखूड आहे, मागे पळत राहायचं कारण नाही. क्वार्टरबॅक आधीच पाच यार्ड मागे उभा असेल, म्हणजे शॉटगनमध्ये, तर ही तीन पावलं एका पावलात संपतात, आणि हा फरक वेगळा घोटवून घ्यावा लागतो. चेंडू अजून हातातच असेल तर नजर रिसीव्हरच्या कमरेवर आणायची. डोकं, खांदे, हात यांनी हुलकावणी देता येते, कमरेने देता येत नाही. दोघांमधलं अंतर तीन यार्डांवर आलं की उलटं धावणं बंद, कंबर वळवून त्याच्या बरोबरीने सरळ पळायचं. चार यार्डांवर वळला तर घाई होते आणि रिसीव्हर उलट्या बाजूला कापतो. दोनवर वळला तर तो मागे पडलाच.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात अवघड. वळून चेंडूकडे कधी बघायचं? प्रेक्षकांतला प्रत्येक जण ओरडत असतो, ‘अरे, मागे बघ!’ पण बचावपटूचा खांदा रिसीव्हरच्या कमरेला लागून असेल, हाताने स्पर्श होईल इतका तो जवळ असेल, तरच वळून बघायचं. त्या जागेवरून चेंडूवर त्याचाही तितकाच हक्क आहे. एक पाऊल जरी मागे असला तरी वळायचं नाही. मान वळवली की वेग कमी होतो आणि एका पावलाची दोन होतात. तेव्हा नजर रिसीव्हरच्या हातांवर. हात वर यायला लागले, डोळे मोठे झाले, की चेंडू येतोय हे कळतं. त्या हातांच्या मधून आपला हात घालायचा आणि चेंडू खाली खेचायचा. हात आधी घातला तर पंचाचा पिवळा रुमाल पडतो, उशिरा घातला तर झेल होतो. मधला वेळ पापणी लवण्याइतका. प्रेक्षकांना वाटतं पोरगं बावळट आहे, चेंडू येतोय आणि हा बघतसुद्धा नाही. त्याला शिकवलेलंच तो करत असतो, आणि बरोबर करत असतो. हे इतक्या ठासून लिहितोय, कारण मागची फळी वर्षानुवर्षे या एका गैरसमजावरून शिव्या खाते आहे.

पिवळ्या रुमालाचं गणितही मजेशीर आहे. व्यावसायिक लीगमध्ये पास अडवताना बेकायदा धक्का दिला तर जिथे धक्का तिथे चेंडू. चाळीस यार्डांवर झाला तर चाळीस यार्ड गेले. कॉलेजच्या नियमांत शिक्षा जास्तीत जास्त 15 यार्ड, शिवाय आपोआप फर्स्ट डाउन, म्हणजे समोरच्यांना चार नवे प्रयत्न. बऱ्याच राज्यांतल्या शाळांत 15 यार्ड आहेत, पण 2013 पासून फर्स्ट डाउन आपोआप मिळत नाही. टेक्सासच्या सरकारी शाळा कॉलेजच्या नियमपुस्तकाने खेळतात. मग काही प्रशिक्षक हिशेब मांडतात: पोरगा पुरता मागे पडला असेल तर रिसीव्हरला धरून पाड, समोरच्यांना टचडाउनचे गुण देण्यापेक्षा 15 यार्ड स्वस्त. हिशेब बरोबर आहे. शिकवणं मात्र चूक आहे, असं माझं ठाम मत. ज्याला धरायची मुभा मिळाली तो पुढच्या वेळी दोन पावलं आधीच धावणं सोडतो आणि धरायला जातो.

एकेकट्या द्वंद्वावर मात्र सामना चालत नाही. माणसाऐवजी मैदानाचा ठरलेला भाग राखणं म्हणजे क्षेत्ररक्षण, आणि त्यातलं सर्वाधिक शिकवलं जाणारं म्हणजे कव्हर 3. मैदान 53 यार्डांहून थोडं रुंद, मागच्या भागाचे तीन तुकडे केले की दोन कॉर्नर आणि मधला फ्री सेफ्टी, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 18 यार्ड. पुढच्या पट्ट्यात चौघे. कागदावर भक्कम. समोरच्यांनी चार रिसीव्हर एकदम सरळ वर पिटाळले की ते फुटतं, कारण मागे तिघे आणि येणारे चार. मधल्या दोन रिसीव्हरांच्या बरोबर मधोमध एकटा सेफ्टी. तो ज्याच्याकडे झुकेल त्याच्या उलट्या बाजूला चेंडू जाणार.

यावरचा तोडगा ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते निक सेबन 1991 ते 1994 या काळात क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक संघाचे बचाव प्रशिक्षक होते, आणि मुख्य प्रशिक्षक होते बिल बेलिचिक. तोडगा असा: जागा राखायची, पण जागेत माणूस शिरला की माणूस धरायचा. पुढच्या पट्ट्यातला बचावपटू बाहेरून दुसऱ्या रिसीव्हरवर डोळा ठेवतो. तो सरळ वर निघाला तर त्याच्याबरोबर वर जायचं. तो आत कापून गेला तर ओरडून पुढच्याच्या हवाली करायचं आणि समोरून कोण येतंय ते शोधायचं. ओरडणं इथे सरावाचाच भाग असतो. मुका बचावपटू कितीही वेगवान असो, त्याला बसवतात. मधल्या सेफ्टीला वेगळी खूण दिलेली असते: क्वार्टरबॅक दोन्ही हातांनी चेंडू धरून असतो, त्यातला फेकायचा नसलेला हात चेंडूवरून सुटला की पास निघाला. त्या क्षणी निघायचं. चेंडू हवेत दिसेपर्यंत थांबणारा सेफ्टी कुठेच पोचत नाही.

गेल्या काही वर्षांत या सेफ्टीचं आयुष्य आणखी अवघड झालंय. पूर्वी त्याला सांगत, समोरच्यांच्या पुढच्या फळीतल्या गार्डच्या हेल्मेटकडे बघ. हेल्मेट वर उठलं तर पास, खाली पुढे गेलं तर धाव, म्हणजे चेंडू घेऊन पळण्याचा डाव. आता एकाच डावात पुढची फळी धावेसाठी भिडते आणि क्वार्टरबॅक मागून बघत ठरवतो, चेंडू पळणाऱ्याला द्यायचा की फेकायचा. कॉलेजच्या नियमात फळीला तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, व्यावसायिक लीगमध्ये एकच, म्हणून हा प्रकार शाळा-कॉलेजांत जास्त चावतो. गार्डकडे बघणारा सेफ्टी धाव समजून पुढे झेपावतो आणि चेंडू बरोबर त्याने सोडलेल्या जागेत पडतो. उपाय पुन्हा नजरेचाच. गार्ड सोडून द्यायचा आणि बाहेरून दुसऱ्या रिसीव्हरकडे बघायचं. तो अडवायला गेला तर धाव. आठ-दहा यार्डांपलीकडे सरळ गेला तर तो माझा. बाहेर वळला तर तो कॉर्नरसाठी सोडून मी पहिल्याच्या आतल्या बाजूला. चार भागांच्या क्षेत्ररक्षणात, कव्हर 4 मध्ये, हाच नियम पायाभूत आहे.

दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले की कोण कोणाचा, हा घोळ होतो. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर 1 फेब्रुवारी 2015 च्या सुपर बोलमध्ये मिळालं. न्यू इंग्लंड 28, सिॲटल 24, सिॲटलकडे चेंडू, गोलरेषेपासून एका यार्डावर, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरलेला. पुढच्या रिसीव्हरने बचावपटूची वाट अडवायची आणि मागच्याने त्याच्या आडून आत शिरायचं, असा डाव. न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने पुढच्याला जागच्या जागी दाबून धरलं, म्हणून मागे उभ्या त्याच्या साथीदाराची, माल्कम बटलरची, वाट मोकळी राहिली आणि त्याने रिसीव्हरच्या आधी पोचून चेंडू पकडला. सगळ्यांना बटलर आठवतो. मला ब्राउनरचे दोन हात जास्त महत्त्वाचे वाटतात. बटलरला कोणत्याही संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं नव्हतं, आणि त्याच आठवड्यातल्या सरावात याच डावावर तो हरला होता. सराव कशासाठी करायचा याचं इतकं चोख उदाहरण दुसरं सापडणार नाही.

असे सराव आखूड असतात. पाच यार्ड उलटं, मग तिरकं पुढे, पुन्हा उलटं, असं मैदानावर नागमोडी धावणं. खडूच्या रेषेवर उलटं धावत प्रशिक्षकाच्या इशाऱ्यावर कंबर डावीकडे-उजवीकडे वळवणं. प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या जागी उभा राहून बोटं दाखवतो आणि पोराने धावता धावता आकडा ओरडायचा. आकडा चुकला तर नजर भरकटली होती, वाद नाही. सात विरुद्ध सातच्या सरावात क्वार्टरबॅकवर धावून जाणारी पुढची फळी नसते, त्यामुळे क्वार्टरबॅक निवांत चार सेकंद उभा राहतो आणि बचाव उगाच वाईट दिसतो. म्हणून शहाणे प्रशिक्षक तीन सेकंदांच्या आत शिट्टी मारतात.

आईवडिलांना डोक्याच्या दुखापतीची भीती वाटते आणि ती खरी आहे. ज्यांना ती नको त्यांच्यासाठी फ्लॅग फुटबॉल आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटच्या जोडीने त्याचा समावेश झाला तो ऑक्टोबर 2023 मध्ये, आणि तोही मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. पाच विरुद्ध पाच, कमरेला लटकवलेल्या पट्ट्या, धक्काबुक्की नाही. मागच्या फळीच्या दृष्टीने हा खेळ जास्त कडक आहे, कारण रिसीव्हरला हात लावून उशीर करवता येत नाही. सगळं पायांवर आणि नजरेवर.

तिकडे भारतात कोणी शाळेत फ्लॅग फुटबॉल सुरू करत असेल तर चेंडू बाजूला ठेवा आणि आधी उलटं धावणं शिकवा. मैदान 25 यार्ड रुंद, म्हणून मागे दोघे उभे केले तरी एकाच्या वाट्याला साडेबारा यार्डच येतात. सुरुवातीला दोनच मागे ठेवा. सात यार्डांचं अंतर पाचवर आणा, कारण या खेळातले पास आखूड असतात. पट्टी ओढताना पोरं धावत जाऊन एक हात झोकतात आणि समोरचा हलकेच बगल देतो. दोन यार्ड आधी पावलं लहान करायला लावा, गुडघे वाकवा, आणि दोन्ही हात एकदम जाऊ द्या.