मॅडम

आज मावशी मला ‘मॅडम’ म्हणाल्या.

तीन वर्षं मी त्यांच्या वस्तीत घरांच्या कागदपत्रांचं काम करतेय, आणि तीन वर्षं ‘ताई’ होते. ‘ए ताई, आत ये, पंख्याखाली बस.’ आणि आज दारातूनच, ‘बरं मॅडम. बघा काय होतंय ते.’ चहाचंही विचारलं नाही. (मला चहा नकोच होता. प्रश्न चहाचा नाही.)

झोपडपट्टी पुनर्वसनात कोण पात्र, त्याची परिशिष्ट-2 ची यादी लागली आणि मावशींच्या नावापुढं ‘सशुल्क’. लाइटबिल 2007 चं निघालं ना. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा असता तर 300 चौरस फुटांचं घर फुकट. त्यानंतरचा, 2011 पर्यंतचा असेल तर अडीच लाख भरा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईनं. वस्तीत राहतायत त्या 1996 पासून, थोरली पोटात होती तेव्हापासून.

‘कागद होते गं, 26 जुलैच्या पाण्यात गेले.’

मी फायलीतून मान वर न काढता म्हणाले, ‘सगळ्यांचेच गेलेत, मावशी.’

खोटं नाही ते. मिठीच्या काठाला 2005 चं पाणी पोटमाळ्याला लागलं होतं. त्या पाण्यावर थोडंफार खोटंही खपवलं जातं, तेही मला ठाऊक आहे. पण मावशी त्यातल्या नाहीत. आणि माझा तो सूर... तो खिडकीपलीकडच्या साहेबांचा होता. पहिल्या वर्षी तोच सूर ऐकून मी कुर्ल्याच्या पुलावर रडले होते.

तेव्हापासून ‘मॅडम’ डोक्यातून जात नाहीये. कळव्याला उतरल्यावर भाजीवाला म्हणाला, मॅडम, कोथिंबीर. तो सगळ्यांनाच म्हणतो. तरी लागलं.

नातेवाइकांना वाटतं मी घरं वाटते. आत्याचा परवाच फोन, ‘आमच्या पिंट्याला एखादं बघ ना, तुझ्या हातात असतं.’ माझ्या हातात सात वर्षांतल्या पाचव्या भाड्याच्या घराचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आहे, आणि या महिन्याचा पगार अजून नाही. सरांनी परत ‘प्रोजेक्ट संपेपर्यंत थांब’ म्हटलंय. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. असो.

जेवण झाल्यावर सहज माझेच कागद काढून बसले. मतदार यादीत नाव गावाकडं, आधारवर तिसऱ्या घराचा पत्ता, लाइटबिल मालकांच्या नावावर. माझा सर्व्हे झाला तर मी सशुल्कसुद्धा नाही! एकटीच हसत बसले. मावशींना सांगितलं असतं तर त्याही हसल्या असत्या. कालपर्यंत.

आणि मग आठवलं. मागच्या पावसाळ्यात चहा पिता पिता त्या सांगत होत्या: थोरलीला कडेवर घेऊन मत द्यायला गेले, तर पोरीनं शाईचं बोटच तोंडात घातलं. पोर कडेवर, म्हणजे 1998 ची लोकसभा. 99 ची असली तरी चालेल. मत दिलं म्हणजे यादीत नाव होतं, आणि ती यादी काही मावशींच्या पत्र्याच्या पेटीत नव्हती. निवडणूक कार्यालयातून जुन्या यादीची प्रमाणित प्रत मागता येते. हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितलंय. आज सांगायचं सुचलं नाही. शाईची गोष्ट ऐकून तेव्हा नुसती हसले होते, तिकडं पुरावा म्हणून बघितलंच नव्हतं.

व्हॉइस मेसेज केला. ‘मावशी, उद्या येते, चहा ठेवा’ असं बोलले, मग ते पुसलं. पुन्हा केला: ‘मावशी, थोरली कडेवर होती तेव्हा मत कुठल्या शाळेत दिलं होतं, आठवतंय का?’

ऐकलाय त्यांनी. अजून उत्तर नाही.