दृढीकरणाचं वर्ष

आमच्या कॅथलिक शाळेत दृढीकरण संस्काराची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांची श्रद्धा पवित्र आत्म्याच्या दानाने पक्की करणाऱ्या विधीची, तयारी जवळजवळ वर्षभर चालायची. माझ्या वर्गाची तयारी सुरू झाली तेव्हा मी मनातून प्रार्थना करणं थांबवलं होतं. ओठ हलायचे. सकाळच्या प्रार्थनेला, दुपारी बाराच्या देवदूताच्या प्रार्थनेला, मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला), सगळीकडे मी रांगेत उभी असायचे. पण आजी बरेच महिने वेदना सोसून गेली होती. तिच्यासाठी घरात रोज रात्री म्हटलेल्या रोझरीचं, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचं, काय झालं, हे मला कुणी सांगत नव्हतं. यंदा ज्या मुलींची तयारी सुरू होतेय आणि ज्यांच्या मनात असंच काहीतरी चाललंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

शाळा सिस्टरांची, फक्त मुलींची. धर्मशिक्षणाचा तास गणित-इतिहासासारखाच वेळापत्रकात होता. त्याला वही होती, गृहपाठ होता, आणि उत्तर का पटलं नाही हे विचारण्याची मुभाही होती. मिस्सातली वाचनं, गायन, वेदीची मांडणी, श्रद्धावंतांच्या प्रार्थना लिहिणं, सगळं मुलीच करायच्या. प्रयोगशाळेतली उपकरणं मांडायलाही आम्हीच आणि वादविवादात भांडायलाही आम्हीच. बायबलमधल्या संत पौलाच्या पत्रातलं वाचन वाट्याला आलं तर आदल्या दिवशी भाषेच्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवावं लागे. पौलाची वाक्यं लांबच लांब. श्वास कुठे घ्यायचा हे अर्थ लागल्याशिवाय कळतच नाही. बाई अर्ध्यावर थांबवून विचारायच्या, "आता 'म्हणून' म्हणालीस, ते कशामुळे?" मला बायबल खऱ्या अर्थाने वाचायला शिकवलं ते या सरावांनी, असं आज वाटतं.

तयारीचा पहिला भाग पाठांतराचा होता: सात संस्कार, पवित्र आत्म्याची सात दानं, त्यांचा बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातला उगम. तो भाग पटकन झाला. मग प्रत्यक्ष विधी समजावला. उमेदवार स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वचनांचं नूतनीकरण करतात, बिशप हात पुढे करून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतात आणि कपाळावर ख्रिस्मा लावतात. ख्रिस्मा म्हणजे बाल्सम हे सुगंधी द्रव्य मिसळलेलं तेल, बहुधा ऑलिव्हचं. ते बिशपच अभिमंत्रित करतात, साधारणपणे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात. त्या तासाला सिस्टर म्हणाल्या की हा संस्कार आयुष्यात एकदाच मिळतो, त्याची खूण पुसली जात नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एकदाच मिळणारी गोष्ट खोटं बोलून घ्यायची नाही, एवढं मी ठरवलं.

आणि नेमकं पत्र लिहायची वेळ आली. आमच्याकडे प्रत्येक मुलीने बिशपांना स्वतःच्या हाताने पत्र लिहून संस्कार मागायचा असे. मैत्रिणींची पत्रं लिहून झाली, माझा कागद कोराच राहिला. शेवटी मी सिस्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं, "सिस्टर, विश्वास आहे की नाही हेच कळत नसेल तर काय लिहायचं?"

मला वाटलं होतं, समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "मग हेच लिही. पण त्याआधी ईयोबचं पुस्तक वाच. सगळं वाच, मधलं गाळू नकोस. आणि तयारी पुरी झाली नाही असं वाटलं तर पुढच्या वर्षी घे, कुणी तुला ओढून नेणार नाही."

बायबलमधल्या ईयोबची गोष्ट मला माहीत होती, म्हणजे तसं वाटत होतं: खूप सोसलं, धीर धरला, सगळं परत मिळालं. मधले अध्याय वाचले आणि हादरले. हा माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन छान छान बोलतात: तुझंच काहीतरी चुकलं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही. आजी गेली तेव्हा भेटायला आलेल्या काही लोकांनी जे ऐकवलं होतं, ते तिथे शब्दशः छापलं होतं. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. 'का' याचं उत्तर ईयोबला मिळत नाही. पण विचारणारा बाहेर हाकलला जात नाही.

सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बायबलमधलं 88वं स्तोत्र उघडून दिलं. बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. कॉन्व्हेंटमध्ये दर शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेत तेच म्हटलं जातं, हे मला तेव्हा कळलं. ज्यांना मी इतकी वर्षं शंकारहित समजत होते त्या सिस्टर दर आठवड्याला झोपण्यापूर्वी हे शब्द उच्चारत होत्या. माझ्यात काही बदललं असेल तर ते इथे. मला प्रार्थना जमत नव्हती ती माझी तक्रार प्रार्थनेत बसत नाही असं वाटल्यामुळे. इथे तर तक्रारीलाच जागा होती.

त्याच सुमारास भौतिकशास्त्राच्या तासाला जॉर्ज लेमैत्र यांच्याविषयी शिकलो. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये मांडणारा हा शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता. सृष्टीच्या आरंभाविषयीचा आपला सिद्धांत धर्माचा पुरावा म्हणून वापरलेला त्यांना पसंत नव्हता. वर्गात यावर खूप वेळ चर्चा झाली. मी घरी येऊन विचार करत बसले: मला देवाकडून नेमकं काय हवं होतं? पुरावा? की आजी परत? प्रश्नाचं नाव बदललं की त्याच्याशी वागण्याची रीत बदलते.

दृढीकरणात घ्यायचं संताचं नाव निवडताना मी एडिथ स्टाइन यांच्यापाशी थांबले. जन्म 1891, ज्यू कुटुंब. किशोरवयात त्यांनी प्रार्थना करणं जाणूनबुजून सोडलं होतं. पुढे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवली, विषय समानुभूती. 1921 मध्ये आविलाच्या संत तेरेसांचं आत्मचरित्र वाचल्यावर त्यांनी कॅथलिक होण्याचं ठरवलं आणि 1 जानेवारी 1922 ला स्नानसंस्कार घेतला. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी श्पायर इथे डोमिनिकन सिस्टरांच्या मुलींच्या शाळेत शिकवलं! मुलींनी विचार करायला शिकावं यावर त्यांनी भाषणं दिली. 1933 मध्ये कार्मेल मठात गेल्या आणि 1942 मध्ये नाझींनी त्यांना आउशविट्झमध्ये मारलं. 1998 मध्ये त्यांना संत घोषित केलं गेलं. सत्य शोधताना त्यांनी स्वतःला कुठलीच सूट दिली नाही. मला अशीच सोबत हवी होती.

मग पत्र लिहिलं. आजीचं लिहिलं, ईयोबचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की मला अजून पुष्कळ कळत नाही, पण ज्याच्याशी भांडते आहे तो ऐकतो आहे असं वाटायला लागलंय, आणि त्या जोरावर मी हा संस्कार मागते आहे. सिस्टरांनी वाचून एकही शब्द बदलला नाही.

तयारीतली एक गोष्ट मात्र प्रत्येकीने करून बघावी असं मी आग्रहाने सांगेन, ती म्हणजे रात्रीचं आत्मपरीक्षण. संत इग्नाती लोयोला यांची पद्धत: आधी दिवसाबद्दल आभार, मग स्पष्ट दिसावं म्हणून प्रकाश मागणं, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोर आणणं, जे चुकलं त्याबद्दल क्षमा, आणि उद्यासाठी एक ठराव. पहिल्या पायरीवर मी बरेच दिवस अडले, आभार मानावेसेच वाटत नसत. मग छोट्या गोष्टींपासून सुरुवात केली. प्रमेय सुटलं. शेजारचीने न मागता वही दिली. हळूहळू आजीबरोबरचे दिवसही त्या आभारांत येऊ लागले, तिचं जाणं नव्हे, तिचं असणं.

रिट्रीट (प्रार्थनेसाठी काढलेला एकांत) झालं, पापनिवेदन झालं. संस्काराच्या दिवशी धर्ममातेचा, म्हणजे संस्कारात सोबत उभ्या राहणाऱ्या स्त्रीचा, हात खांद्यावर होता. बिशपांनी एडिथ हे नाव घेऊन कपाळावर क्रूस काढला. आकाशवाणी झाली नाही, डोळ्यांत पाणीही आलं नाही. मला मात्र ठाम ठाऊक होतं की मी तिथे खरी उभी आहे, आणि 'आमेन' मी मोठ्याने म्हटलं.

आजीच्या वेदनांचा प्रश्न आजही सुटलेला नाही. तो मी मिस्साला सोबत नेते. गेल्या वर्षी मावसबहिणीने मला तिच्या दृढीकरणासाठी धर्ममाता व्हायला सांगितलं. धर्ममाता सोळा वर्षं पूर्ण केलेली, स्वतः दृढीकरण घेतलेली आणि श्रद्धेचं जीवन जगणारी असावी लागते. तिसरी अट ऐकून मी थोडा वेळ मागितला, आणि मग हो म्हटलं. आता आठवड्यातून एकदा आम्ही दोघी ईयोब वाचतो. सध्या मित्रांची भाषणं चालू आहेत आणि ती त्यांच्यावर भयंकर चिडलेली आहे.