यांचं खालचं, माझं वरचं

आम्ही ऐकलेल्या गाण्यांच्या वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात अल्बमचा नंबर, दुसऱ्यात 'यांचं', तिसऱ्यात 'माझं'. वही म्हणजे शाळेतलं जुनं हजेरीपत्रक, मागची पानं कोरी राहिलेली. लिहिते मीच. हे बोलतात, मी उतरवून घेते.

यांचं परभणीत मोटार वायंडिंगचं दुकान आहे. गव्हा-हरभऱ्याचं पाणी सुरू झालं, व्होल्टेज पडायला लागलं, की जळालेल्या मोटारींची रांग लागते. जुनी कॉइल काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश, आणि मग मोटार चालू करून कान लावायचा. बेअरिंग घासतंय का, हे यांना दुसऱ्या खोलीतून कळतं. तीस वर्षं तो कानच यांचं मीटर होता.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कानाच्या तपासणीचा कागद दाखवला. रेघ डावीकडं, जाड आवाजांपाशी, नीट चाललेली आणि उजवीकडं, बारीक आवाजांपाशी, विहिरीत उतरल्यासारखी खाली गेलेली. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलं की आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड, खर्जातले टिकतात. बोलण्यातले स, श, फ हे वरच्या आवाजातले. त्यामुळं माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. यांना वाटायचं मी पुटपुटते. मला वाटायचं हे लक्ष देत नाहीत. वाद घालण्यापेक्षा गप्प बसणं सोपं, म्हणून आम्ही दोघंही गप्प बसायला लागलो. रात्री नऊनंतर घरात फक्त पंख्याचा आवाज.

लेक पुण्याहून चार दिवस आली होती, तिच्या ते लक्षात आलं असणार. जाताना तिनं एक छोटा स्पीकर आणि कागदांचा गठ्ठा ठेवला. रोलिंग स्टोन या अमेरिकी संगीत मासिकाची पाचशे सर्वोत्तम अल्बमची यादी. म्हणाली, "रोज एक. पूर्ण ऐकायचा. मधलं काही ढकलायचं नाही, फोन हातात नाही. ५०० पासून सुरू करून १ पर्यंत या."

यादी पहिल्यांदा २००३ साली निघाली तेव्हा बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पहिला होता. २०२० साली पुन्हा मतं घेतली तर मार्विन गे या अमेरिकी गायकाचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला आणि 'सार्जंट पेपर' चोविसावा. म्हणजे नंबर काही दगडावरची रेघ नाही. पण ठरलेल्या क्रमाचा एक मोठा उपयोग झाला. आज काय लावायचं यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही.

मृगाच्या तोंडावर सुरू केलं. आठवड्यातून पाच. हंगामात हे अकराला घरी यायचे, हाताला वार्निशचा वास, तरी जेवण झालं की स्पीकर लावायचेच. हे उजवा कान स्पीकरकडं करून बसतात, कारण डावा जास्त गेलाय. मी डावीकडं.

सुरुवातीचे महिने अवघड गेले. मी सातवीपर्यंतच्या पोरांना इंग्रजी शिकवते, तरी अर्ध्या ओळी सुटायच्या. यांना तर इंग्रजी येत नाही. पण वहीचे रकाने भरायला लागले तसं काहीतरी दिसू लागलं. मी लिहायचे, 'गळा पातळ, शेवटी रडवेला.' हे सांगायचे, 'तिसऱ्या गाण्यात खालचा बेस एक पाऊल मागं चालतोय.' तो बेस मला ऐकूच आलेला नसायचा. पुन्हा लक्ष देऊन ऐकलं की सापडायचा. झांजा, बासरी, बाईचा श्वास मी यांना सांगायचे. यांचं खालचं, माझं वरचं.

शंभर-सव्वाशे अल्बम झाल्यावर एकदा यादी सोडून एम.आय.ए. या तमिळ वंशाच्या ब्रिटिश गायिकेचा 'काला' लावला. २००७ चा. आईचं नाव दिलंय अल्बमला. मधेच एक गाणं सुरू झालं आणि हे ताडकन उठले. "आगं, हे तर जिमी जिमी!" बप्पी लाहिरींचं, १९८२ चं. गणपतीपुढं यावर हे नाचलेत, मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. शब्द कळायची गरजच नव्हती. त्या रात्री यांनी मला गल्लीतल्या मंडळाच्या अशा गोष्टी सांगितल्या ज्या मी इतक्या वर्षांत ऐकल्या नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात पाऊस लांबला. घरात बसवेना, म्हणून गच्चीवर सतरंजी टाकली. तिथं क्राफ्टवेर्क या बँडचा 'ट्रान्स-युरोप एक्स्प्रेस' ऐकला. जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फची माणसं, स्वतःचा स्टुडिओ, काही यंत्रं स्वतः जोडलेली. रेल्वेचा ठेका, लोखंडावर लोखंड. लांबून परभणी जंक्शनवरची खरी गाडी भोंगा देत परळीकडं निघाली. हे डोळे मिटून म्हणाले, "ही माणसं आपल्या दुकानात बसणारी हायेत." यांच्या रकान्यात मी अख्खं पान लिहिलंय त्या दिवशी. माझ्या रकान्यात एक ओळ. मला तो अल्बम कोरडा वाटला, अजून वाटतो.

माझं पान भरलं ते अरेथा फ्रँकलिन या अमेरिकी गायिकेच्या 'अमेझिंग ग्रेस'ला. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधल्या एका चर्चमध्ये, समोर लोक बसवून केलेलं रेकॉर्डिंग. ती एक शब्द दहा वळणांनी नेते आणि समोरचे हुंकार देतात. माझे वडील गंगाखेडजवळच्या आमच्या गावात कीर्तनाला वीणा धरून उभे राहायचे. बुवा वर गेले की मागचे टाळकरी कसं धृपद उचलतात, ते मी त्यांच्या पायाशी बसून ऐकलंय. अरेथाचे वडीलही त्या गर्दीत बसले होते, हे वाचलं आणि मला पुढचं काही लिहिता आलं नाही.

त्याच सुमाराला ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकाचा 'नेब्रास्का'. घरात बसून चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर केलेला कच्चा नमुना, तोच १९८२ मध्ये अल्बम म्हणून काढला. यांना ते फार पटलं.

मधे वीसएक अल्बम असे गेले की समोर फक्त तारीख आहे.

आणि काल ६६ नंबर. जॉन कोल्ट्रेन या अमेरिकी सॅक्सोफोनवादकाचा 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ ला न्यू जर्सीत एका संध्याकाळी वाजवलेला, जेमतेम तेहतीस मिनिटांचा. सुरुवातीला मोठी थाळी वाजते. मग बेसवर चार सूर, पुन्हा तेच चार. यांनी बोट वर केलं, सापडलं असं सांगायला. सॅक्सोफोन पुढं तेच चार सूर उचलतो, बाराही पट्ट्यांतून फिरवतो. पहिल्या भागाच्या शेवटी माणसाचा आवाज येतो आणि अल्बमचं नाव त्याच चार सुरांवर जपायला लागतो. मी यांच्या कानाशी म्हणाले, "अहो, नामस्मरण चाललंय." हे म्हणाले, "ते तर कवापासून खाली चालू हाय."

चौथा भाग हळू आहे. कोल्ट्रेननं देवाला उद्देशून एक कविता लिहिली, ती वेष्टनावर छापली आणि इथं सॅक्सोफोनवर ती शब्द न उच्चारता म्हटली, अक्षराला सूर लावत. ढोल मागं पावसासारखा घुमतो. हे पुढं वाकले.

"काय म्हणूलालाय तो?"

"कुणीच काही म्हणत नाही. कविता आहे, पण नुसती वाजवलीय. शब्द नाहीत."

त्यात स नव्हता, श नव्हता, फ नव्हता. संपलं तरी आम्ही बसून राहिलो. दिवा लावायला मी उठले, तेवढ्यात यांनी वही ओढून घेतली. दुकानाच्या पावतीवर लिहितात तशा मोठ्या, तिरक्या अक्षरात, स्वतःच्या रकान्यात पहिल्यांदाच स्वतः लिहिलं:

'सगळं ऐकू आलं.'