कप्पाला नमस्कार घालणारा खेळाडू

मी गेम टेस्टिंग करते. लोकांना वाटतं दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो, त्यावर वाद घालणं मी सोडून दिलंय. खरं काम म्हणजे तीच लढाई परत परत, तीच बटणं उलट्या क्रमाने दाबून बघायचं आणि तिकीट, म्हणजे बगची नोंद, लिहायचं, आणि मग तिकीट वाचून डेव्हलपर म्हणणार 'माझ्या मशीनवर तर होत नाहीये'.

आमचा गेम रोगलाइक डेक-बिल्डर आहे. मेलात की पहिल्यापासून सुरुवात, हातात तीच साधी दहा कार्डं, प्रत्येक लढाई जिंकल्यावर तीन कार्डं समोर येतात त्यातलं एक घ्यायचं किंवा तिन्ही सोडायची. नवे खेळाडू दिसेल ते कार्ड उचलतात आणि जुने खेळाडू सोडत जातात, कारण डेक जाड झाला की हवं ते कार्ड वेळेवर हातात येत नाही. थीम जपानची, सेंगोकू काळातला, म्हणजे तिथल्या सरदारांच्या आपसातल्या लढायांच्या काळातला एक रोनिन, म्हणजे धनी नसलेला सामुराई, डोंगर चढत निघालाय आणि वाटेत ओनी, तेंगू, कप्पा असले योकाई, म्हणजे जपानी लोककथांतली भुतं, आडवे येतात. इतिहासाची आणि भुताखेतांची सरमिसळ आहे. रोनिनच्या थैलीत तर कोबान आहेत, जी सोन्याची नाणी तोकुगावा इएयासू या सत्ताधीशाने 1601 मध्ये पाडायला घेतली, म्हणजे सेकिगाहाराची निर्णायक लढाई होऊन तो काळ सरल्यावर. हे मी आर्टिस्टला सांगितलं तर म्हणाला सोनं चांगलं दिसतं. दिसतं खरं.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे रोजचं चॅलेंज असतं, त्या दिवशी सगळ्यांना एकच सीड, म्हणजे तोच नकाशा, तेच शत्रू, तीच दुकानं, आणि रात्री लीडरबोर्ड. एका दिवशी एका खेळाडूचा स्कोअर असा आला की आकडा चौकटीच्या बाहेर पडून शेजारच्याच्या नावावर चढला होता, कारण एवढे अंक येतील असं चौकट बनवणाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं. कम्युनिटी सांभाळणाऱ्यांनी अर्ध्या तासात त्याला बॅन केला. मेमरी एडिटर, म्हणजे चालू गेमच्या मेमरीतले आकडे बदलणारा प्रोग्रॅम, लावून पैशाचा आकडा बदलला असणार, असं सगळ्यांचं एकमत. आमच्याकडे एकमत फार पटकन होतं आणि ते बहुतेक वेळा कुणीही लॉग न उघडताच होतं.

लॉग, म्हणजे त्याच्या खेळाची नोंद, माझ्याकडे आला. हा भाग मला मनापासून आवडतो म्हणून थोडं सांगते. आम्ही स्क्रीन रेकॉर्ड करत नाही, फक्त खेळाडूने काय केलं तेवढं साठवतो, कुठलं कार्ड, कुणावर, कधी. बाकी सगळं सीडवरून परत उभं राहतं. त्यासाठी बिल्ड, म्हणजे गेमची आवृत्ती, तंतोतंत तीच लागते, आणि रँडम आकड्यांचे प्रवाह वेगवेगळे ठेवावे लागतात, पत्ते पिसायचा वेगळा, बक्षिसाच्या कार्डांचा वेगळा, शत्रूच्या चालींचा वेगळा, नाहीतर एकाने एकदा जास्त पिसलं की पुढचं सगळं जगच बदललं. आमचं हे काम चोख आहे (ज्याने केलं तो नोकरी सोडून गेला, अर्थातच). बाहेरून आकडा बदलला असता तर रिप्ले, म्हणजे असा परत उभा केलेला खेळ, कुठेतरी फाटला असता. फाटला नाही. शेवटच्या नाण्यापर्यंत हिशोब जुळला.

मग मी ती रन, म्हणजे त्याचा तो अख्खा डाव, सुरुवातीपासून सावकाश बघितली. सुरुवातीलाच त्याला एक लहान कप्पा भेटतो. कप्पाच्या डोक्यावर पाण्याची वाटी असते आणि त्याची सगळी ताकद त्या पाण्यात. पण तो इतका रीतीचा पक्का की तुम्ही वाकलात तर त्याला वाकावंच लागतं, आणि वाकला की पाणी सांडलं. ही जुनी लोककथा आहे आणि आमच्या डिझायनरने ती गेममध्ये घेतली. सुरुवातीच्या डेकमध्ये 'नमन' नावाचं फुकट कार्ड आहे, खेळलं की एक पत्ता ओढता येतो, बस, आणि समोर कप्पा असेल तर त्याचा हल्ला 2 ने उतरतो. बहुतेक लोक हे कार्ड पहिल्या देवळात काढून टाकतात.

ह्याने ठेवलं. कप्पाचा हल्ला 8. वाकत गेला, 6, 4, 2, 0. आणि नंतर परत वाकला. आता हल्ला शून्याखाली जाऊ नये असा नियम स्क्रीनवरच्या आकड्याला लावलेला होता पण आतल्या हिशोबाला लावायचा राहून गेला होता, त्यामुळे वर दिसतंय 0 आणि प्रत्यक्षात उणे 2 चा फटका बसला, म्हणजे रोनिनचं आयुष्य 2 ने वाढलं. इथपर्यंत तो दर दोन-तीन सेकंदांनी कार्ड टाकत होता. इथे जवळजवळ मिनिटभर काहीच नाही. आणि पुढच्या पाळीला बचावाची दोन कार्डं हातात असताना त्याने एकही न टाकता पाळी संपवली. तो खेळत नव्हता, तपासत होता. हेच तर मी करते ना!

त्यानंतर सगळी रन त्या एका गोष्टीसाठी. बक्षिसाचं एकही कार्ड घेतलं नाही, प्रत्येक देवळात एक कार्ड काढून टाकलं, डेक पाचावर आणला म्हणजे 'नमन' दर पाळीला हातात येणारच. दुकानातून सोन्याचा भोपळा घेतला, इएयासूच्या आधीचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या निशाणावर असायचा तसा, आयुष्य भरून वर सांडलं की त्याची नाणी होतात. आणि शेवटी नदीवरचा मोठा कप्पा.

लढाई लांबवत बसू नये म्हणून आमचे बॉस दर पाळीला 1 ने ताकदवान होतात. पण नमस्काराने 2 जातात. म्हणजे शून्य ओलांडल्यावर पहिल्या पाळीला 1 नाणं, मग 2, मग 3, आणि शंभर पाळ्यांत 5050. तो शंभरावर थांबला नाही. कधीतरी त्याने तलवारीचं कार्ड काढून बॉसला मारलं, तेव्हाच का ते लॉगमध्ये कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल टेस्टिंगमध्ये कसं सुटलं. आमच्याकडे रात्रभर बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा प्रोग्रॅम, हजारो रन खेळतो आणि वरच्यांचा त्याच्यावर माणसांपेक्षा जास्त विश्वास आहे. बॉट कार्डाची किंमत ठरवतो ती नुकसान किती आणि बचाव किती यावर, त्याच्या दृष्टीने नमस्काराची किंमत शून्य, आणि कप्पा दिसला की तो कापूनच काढतो. बॉटचे नियम बदला असं मी किती वेळा म्हटलंय, त्यासाठी कधी वेळच नसतो.

मी रिपोर्ट दिला की चीटिंग नाही. बॅन त्याच दिवशी उठला, हल्ल्याला आतूनही शून्याचा तळ लागला, आणि ती रन लीडरबोर्डवरून काढली. शेवटचं मला पटलेलं नाही. सीड सगळ्यांना एकच होतं, तो लहान कप्पा सगळ्यांना भेटला, थांबून बघितलं एकट्याने. लीड म्हणतो अगं, बाकीचे लोक पाच तास घासून दुसरे आले, त्यांना काय सांगू, बगमुळे हरलात? हेही खोटं नाही, म्हणून तर डोक्यातून जात नाहीये.

वर डिझायनरने नवीन टूम काढलीय, तीन नमस्कारांनंतर कप्पा वाकणारच नाही. अरे, तो नाही म्हणू शकत नाही हीच तर त्याची गंमत, नाही म्हणायला लागला तर मग वाटी कशाला ठेवली डोक्यावर? तळ लागलाय, बग गेलाय, आणखी काही करायची गरजच नाही. हे सगळं मी तिकिटात लिहिलंय, खाली त्या रनचा रिप्लेही जोडलाय. त्यावर डिझायनरचं उत्तर आलं, 'लोककथेत लीडरबोर्ड नसतो'. तिकीट मी बंद केलेलं नाही.