टाके पडण्याआधीचा अर्धा तास

पुण्यात कॅज्युअल्टीत येणाऱ्या लहान मुलांच्या जखमा बहुतेक ओळखीच्या असतात. स्कूटरवर पुढे उभं असताना ब्रेक लागला आणि हनुवटी हँडलवर आपटली. मागच्या चाकाच्या आऱ्यांत टाच अडकली. तापलेल्या सायलेन्सरला पोटरी लागली. जानेवारीत मांजा, दिवाळीत भुईनळा. काम असतं तीन-चार टाक्यांचं, पण मुलाला आडवं पाडून चौघं धरतात, आणि पुढे कित्येक दिवस साध्या दवाखान्याच्या पायरीवरही ते मूल हंबरडा फोडतं.

हे बरंचसं टाळता येतं. त्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ तर तिथे असतोच. केस पेपर निघतो, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे असतात, एक्स-रेला रांग असते. तो अर्धा तास बाकावर बसून जातो. दुखणं कमी करण्याचं काम त्याच अर्ध्या तासात व्हायला हवं, अगदी घरापासून.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. भाजलं असेल तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. पायातली पैंजणं सूज चढण्याआधी काढा. मूल शुद्धीवर असेल, उलट्या नसतील, तर पॅरासिटामॉल द्या, वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलीत २५० असलेलं सिरप साडेतीन मिली. घोटाळा होतो तो बाटलीत. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, १२५ च्या सिरपमध्ये फक्त २५. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर डोस चौपट होतो. बऱ्याच घरांत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असलेलं सिरप असतं. पावसाळ्यात अंगात ताप असेल, डेंग्यूची शंका असेल, तर ते देऊ नका. चार घोट दूध मात्र डॉक्टर बघेपर्यंत थांबवा.

सलाईन लावायचं असेल आणि घाई नसेल तर सुन्न करणारं क्रीम, ज्यात लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असतं, शीर दिसते तिथे आल्याआल्या लावावं. ते चोळायचं नसतं. जाडसर गोळा ठेवून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि ६० मिनिटं हात लावायचा नाही. दहा मिनिटांत पुसलं तर काहीच उपयोग होत नाही, आणि मग "क्रीमने काही होत नाही" असं नाव पडतं. उघड्या जखमेत हे घालायचं नाही. तिथे लिग्नोकेन, ॲड्रेनलिन आणि टेट्राकेनचं जेल चालतं. जिथे असेल तिथे ते कापसाने जखमेत भरून २० ते ३० मिनिटं ठेवावं. कडेची कातडी पांढुरकी पडली की काम झालं.

जेल नसेल तर इंजेक्शन, पण त्यातही डॉक्टरांना फरक करता येतो. लिग्नोकेन आम्लधर्मी असतं, म्हणून आत जाताना जळजळतं. २ टक्क्यांची बाटली समान सलाईनने १ टक्का करून घ्या आणि अशा ९ मिलीत १ मिली सोडियम बायकार्बोनेट मिसळा. मिसळलेलं लगेच वापरा. सुई अगदी बारीक, ३० गेजची किंवा इन्सुलिनच्या सिरिंजची. ती अखंड कातडीतून टोचायची नाही, जखमेच्या आतल्या कडेतून सरकवायची. एक मिलीला निदान अर्धा मिनिट द्या. मग पाच मिनिटं थांबा. घाई झाली की पहिला टाका जिवंत कातडीत पडतो, आणि त्यानंतर मूल कोणावर विश्वास ठेवत नाही. ॲड्रेनलिन नसलेल्या लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे साडेचार मिलिग्रॅम. १० किलोच्या बाळाला १ टक्क्याचं जास्तीत जास्त साडेचार मिली.

आता धरण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. वॉर्डबॉयला "मामा, पाय धरा" हा हुकूम सुटला की मूल उताणं, वर दिव्याचा झोत आणि डोळ्यांसमोर अनोळखी चेहरे. बहुतेक कामं आईच्या किंवा बाबांच्या मांडीवर होतात. हाताला सलाईन लावायचं असेल तर मूल छातीला छाती लावून बसवा, पाय आईच्या कमरेभोवती, आणि हात तिच्या काखेखालून मागे काढून सिस्टरकडे द्या. मिठीच पकड होते. हनुवटीसाठी मूल पाठ टेकून बसतं, आईचा एक हात त्याच्या दोन्ही हातांवर आणि एक कपाळावर.

"काही दुखणार नाही" म्हणू नका. ते खोटं असतं आणि दहा सेकंदांत उघडं पडतं. "मुंगी चावल्यासारखं होईल, मी पाचपर्यंत मोजते, मग बाऊ झोपेल" असं सांगा. "टोचू का?" विचारू नका, कारण उत्तर "नाही" असंच येणार. "मोजायचं की व्हिडिओ बघायचा?" विचारा. भिरभिरं किंवा साबणाचे फुगे खिशात ठेवा. लांब फुंकर मारताना अंग आपसूक सैल पडतं. आणि घरी "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" ही धमकी कृपा करून बंद करा. तिची किंमत ते मूल कॅज्युअल्टीत मोजतं.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावर पाजत असतानाच टोचावं. ते जमत नसेल तर २४ टक्क्यांचं साखरेचं पाणी, एक-दोन मिली, जिभेच्या टोकावर, दोन मिनिटं आधी. मध नाही.

हाड मोडलं असेल, मोठं भाजलं असेल, तर एवढ्याने भागत नाही. शीर न शोधता नाकातून फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक देता येतं, किलोमागे दीड मायक्रोग्रॅम. २० किलोला ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलीत ५० असलेलं ०.६ मिली. ते फवाऱ्याने दोन्ही नाकपुड्यांत अर्धं-अर्धं द्यायचं. एकाच नाकपुडीत ओतलं तर घशात उतरून वाया जातं. फवाऱ्याच्या टोकात ०.१ मिली अडकून राहतं, तेवढं जास्त भरा. बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावा, पाच-दहा मिनिटांत कळ उतरते, मगच एक्स-रेला न्या. दुखणं थांबवलं तर निदान चुकतं, ही समजूत सोडून द्यावी. मिडाझोलाम या झोपेच्या औषधाने मूल गुंगतं, पण त्यात वेदनाशमन नाही. नुसतं तेच देऊन हाड बसवलं तर मूल अर्धवट झोपेत ओरडतं. गुंगी आणून दुखणंही थांबवणारं केटामाइन द्यायचं असेल तर शिरेतून किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, मिनिटभर घेऊन सावकाश. भसकन दिलं तर श्वास थांबू शकतो. श्वासावर नजर ठेवायला वेगळा डॉक्टर हवा, घसा साफ करायचं सक्शन आणि श्वास द्यायचा बॅग-मास्क हाताशी हवेत. डोळे उघडे राहतात आणि बुबुळं हलतात, हे आईबाबांना आधी सांगा, नाहीतर ते तिथेच हादरतात.

कुत्रा चावल्यावर दुखण्याला टाळून पुढे जाता येत नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं. जखम खोल असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, जखमेतच भरावं लागतं, मानवी असेल तर किलोमागे २० युनिट. हे फार दुखतं, तरी त्यात कपात नाही. बोटाला चावलं असेल तर आधी बोटाच्या मुळाशी भूल द्यावी, आणि वर सांगितलेलं सगळं इथे दुप्पट काळजीने करावं.

घरी निघताना मुलाला कशाचा उपयोग झाला, मांडीवर कसं बसवलं, हे केस पेपरवर लिहून मागा. चेहऱ्याचे टाके साधारण पाच दिवसांनी निघतात, आणि ते काढणारा माणूस दुसराच असतो. त्या दिवशी सुकलेली खपली आधी सलाईनने भिजवून घ्यायला सांगा. कोरडा दोरा ओढला की कातडी ओढली जाते, आणि मूल परत पहिल्या दिवसापाशी जातं.